हाव्रानेकांचा कुलवृत्तांत

बाळकाकांनी बोटीच्या यादीची झेरॉक्स पुन्हा घडी करून खिशात घातली. चौथ्यांदा.

"अहो, रियुनियन उद्यावर आलंय," रेखाकाकू म्हणाल्या. "एमिलना सांगून टाका. नाहीतर तो चार्ट कॅन्सल करा म्हणावं."

सांगणं सोपं नव्हतं. शेजारचे एमिल हाव्रानेक चौऱ्याऐंशी वर्षांचे. रविवारी टेक्सासभरचे दोनशे हाव्रानेक शुगर लँडला जमणार होते आणि हॉलच्या भिंतीवर घराण्याचा तक्ता लागणार होता. तो करायचं काम बाळकाकांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. आधीच रिटायर झालेले इंजिनियर, त्यातून 'खांबेटे कुलवृत्तांता'चे संपादक. अकरा पिढ्या तोंडपाठ. दुसऱ्याचं घराणं उकरायला मिळतंय म्हटल्यावर गडी दोन महिने लायब्ररीत ठाण मांडून बसला.

आणि निघालं ते भलतंच. १८८१ साली यान हाव्रानेक युरोपातलं मोराविया सोडून बायकोसह टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बंदरात उतरला. यादीत त्याच्या नावापुढे स्पष्ट लिहिलं होतं : मुलं नाहीत. चार ओळी खाली मातेय, वय सहा, आडनाव वेगळंच. त्याचे आईवडील बोटीवरच तापाने गेलेले. पुढे इथल्या चर्चच्या वहीत तोच मातेय यानचा मुलगा म्हणून लागला होता. यानला पुढेही स्वतःचं मूल झालं नाही. मातेय म्हणजे एमिलचे आजोबा. थोडक्यात, इथल्या एकाही हाव्रानेकच्या अंगात यानचं रक्त नव्हतं. आयुष्यभर आडनावाचा अभिमान मिरवलेल्या म्हाताऱ्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

एमिल सकाळची कॉफी घेत पोर्चमध्ये बसले होते. काकांनी एकदाची झेरॉक्स पुढे केली. एमिलनी ती सावकाश वाचली, चष्मा काढला आणि ते हसायला लागले.

"हे आजोबांनीच सांगितलं होतं मला. शेतात कापूस वेचताना. यानने बोटीवर आपला कोट त्यांच्या अंगावर घातला, तो उतरल्यावरही परत घेतला नाही. सत्तरीतसुद्धा त्या कोटाबद्दल बोलताना आजोबांचा आवाज बदलायचा."

"मग तक्त्यात काय लिहू?"

"मातेय, यानचा मुलगा. दुसरं काय लिहिणार?" एमिलनी कागद परत दिला. "तुमच्याकडे काय लिहितात?"

काकांचं उत्तर आठ वर्षांपूर्वीच खांबेटे कुलवृत्तांतात छापून झालं होतं. धाकट्या भावाच्या, नंदूच्या नावापुढे त्यांनी स्वतः लिहिलं होतं : अपत्य नाही. सई तेव्हा नऊ वर्षांची होती. नंदू आणि त्याची बायको शोभा यांनी तिला पुण्याच्या एका संस्थेतून घरी आणलं, तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. "अरे, कुलवृत्तांतात फक्त रक्ताची मुलं लावतात, नियम म्हणजे नियम," काका फोनवर म्हणाले होते. नंदू भांडला नाही. त्याने पुस्तक पोस्टाने परत पाठवलं आणि फोन करणं सोडलं. हा तोच नंदू, दादाचे आखूड झालेले सदरे घालून गल्लीभर मिरवणारा. "हा दादाचा आहे," असं भेटेल त्याला सांगायचा. ते आठवलं आणि काकांना एमिलसमोरच रडू आलं.

ते घरी आले आणि त्यांनी थेट पुण्याचा नंबर फिरवला. तिकडे संध्याकाळ झाली असेल, नंदू घरीच असेल. त्याला काय म्हणायचं ते वाक्य ते मनात जुळवत होते. चार वेळा रिंग वाजली.

"हॅलो, सई खांबेटे बोलतेय," पलीकडून खणखणीत आवाज आला. "आपण कोण?"