डावी बाजू

डॉक्टरांनी टेबलावर छातीत बसवायचे सिलिकॉनचे तीन नमुने मांडले आणि म्हणाले, "हातात घेऊन बघा, ताई."

उजवा स्तन काढल्याला आठ महिने झाले होते. सांगलीत तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कुसुमताई तारळेकरांना टेपची गरज नव्हती. मधला नमुना तळहातावर तोलून त्या म्हणाल्या, "हा बसेल मला." या दुखण्यात आपल्यालाही काही कळतंय, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"बरोबर ओळखलंत," डॉक्टर म्हणाले. "पण हा ताठच राहणार आणि तुमचा डावा वयानं उतरलाय. दोन्ही सारखे दिसायला हवे असतील, तर डावाही थोडा कापून वर उचलावा लागेल."

"पण तो तर चांगला आहे."

"चांगलाच आहे. नाही केलं तरी चालेल, फक्त फरक दिसेल. तुम्ही ठरवा."

कुसुमताईंनी नवऱ्याकडे, जयवंतरावांकडे पाहिलं. ऑपरेशन, केमो, सगळं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. आज मात्र ते हळूच म्हणाले, "तू म्हणशील तसं."

गिऱ्हाइकांच्या अंगातला असला फरक कुसुमताईंनी शिवणीत कितीदा झाकला होता. पण आंघोळीला बसल्यावर अंगात ब्लाउज नसतो. त्यांनी पदर छातीवर घट्ट ओढून घेतला. या डाव्याला तरी हात लावू नका, असंच त्या म्हणणार होत्या.

तोंडातून निघालं, "कधी करायचं, डॉक्टर?"