बिनढालीचा

"आता फक्त लढायची शैली राहिली," असं म्हणत वेंडेलने शाईचं पेन लायलपुढे सरकवलं.

वेंडेलच्या तळघरातल्या या टेबलावर बाकी सगळं पेन्सिलीने लिहायचं. योद्ध्याचं बळ, चिलखत, थैलीतली नाणी, काहीही खोडता यायचं. शैली मात्र शाईने. एकदा लिहिली की तो योद्धा मरेपर्यंत तीच. फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा हा खेळ वेंडेल चालवायचा. गुहा त्याची, राक्षस त्याचे, तेव्हा नियमही त्याचेच. वर त्याची बायको फुटबॉलची मॅच बघत होती आणि मधूनच टीव्हीवर खेकसत होती.

लायलचा जुना योद्धा मागच्या खेळात मेला होता. त्याच्या बायकोच्या, ॲर्डिसच्या, जादूगारणीवर आगीचा लोळ आला आणि हा पठ्ठ्या ढाल घेऊन मधे उडी मारून मोकळा झाला. तिच्याकडे निसटायचा मंत्र होता. तो सांगायला तिने तोंड उघडलंसुद्धा होतं. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "मला विचारलं का नाहीस?" तो म्हणाला, "विचारायला वेळ कुठे होता?"

तसा त्याला वेळ कधीच नसायचा. मॅडिसन शहरात तिला मिळालेल्या नोकरीला तिच्या वतीने नकारही त्यानेच परस्पर कळवला होता, बर्फातून गाडी हाकायचा तिला त्रास नको म्हणून. त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी ॲर्डिसने बॅग भरली आणि ती बहिणीकडे, जोलीनकडे, राहायला गेली.

आज तळघराच्या पायऱ्या उतरताना लायलने हळूच विचारलं होतं, "घरी येतेस?" ती म्हणाली होती, "खेळ झाल्यावर सांगते." आणि मनाशी ठरवून बसली होती, याने पुन्हा ढाल घेतली तर आपण जोलीनकडेच बऱ्या. खुळेपणाच म्हणायचा. इतक्या वर्षांचा संसार कोणी असा खेळावर टांगतं का? पण तिने टांगला होता.

"ढाल घे रे बाबा, विचार कसला करतोस?" गॉर्डी म्हणाला. चौकडीतला हा चौथा, खेळात चोर झालेला. "ढालवाल्याच्या शेजारी उभं राहिलं की शेजाऱ्यावरचे निम्मे वार फुकट जातात. ॲर्डिसला नको असेल तर मी बसतो तुझ्या शेजारी."

"तुझ्या शेजारी बसून खिसा कोण कापून घेईल?" वेंडेल म्हणाला. या टेबलावर जसे बसायचे तसेच गुहेतून चालायचे, आणि लायलची खुर्ची पहिल्यापासून ॲर्डिसला लागून होती.

लायल हसला नाही. "धनुष्य घेतलं तर?"

"मागे राहून बाण मारायचे."

"आणि दोन हातांची तलवार?"

"सगळ्यांच्या पुढे. ढाल धरायला हात मोकळा नाही, शेजारी कोणी नाही. मारायचं आणि मार खायचा."

लायलने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग कागदावर वाकून लिहिलं.

"तलवार."

तिला एकदम हलकं वाटलं. आपलं स्वयंपाकघर, आपली खिडकी, आपला पलंग, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. लायलने खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पार पुढच्या टोकाला नेऊन ठेवली.

"जन्मभर ढाल मिरवलीस आणि आता हे काय काढलंस?" गॉर्डी म्हणाला.

"ॲर्डिसला ढाल आवडत नाही," लायल म्हणाला. "जोलीनला फोन केला होता मी. तिने सांगितलं."

या खेपेला कसं बरोबर ओळखलं, अशा कौतुकाने त्याने बायकोकडे पाहिलं. तिला रडावंसं वाटलं. म्हणजे पुन्हा परस्परच.

"तुला काय हवं होतं?" तिने विचारलं.

"मला?" तो गडबडला. "मला... ढालच."

तिला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आपण तरी कुठे विचारलं होतं? खेळाच्या आडून त्याची परीक्षा घेत बसलो.

"चला," वेंडेल घाईघाईने म्हणाला. त्याला घरगुती भांडणांपेक्षा राक्षस बरे वाटत. "गुहेत शिरलात. अंधारातून एक बाण सुटला, थेट लायलच्या छातीवर. ढाल नाही, तेव्हा लागणार आणि चांगलाच लागणार. कोणी काही करतंय?"

दुसऱ्याचा घाव आपल्या अंगावर ओढून घ्यायचा एक मंत्र ॲर्डिसच्या जादूगारणीकडे होता. पण ती काडीसारखी. फाशावर आकडा कमी पडला तर तिथेच संपणार. ॲर्डिसने फासा मुठीत धरला.

"लायल," ती म्हणाली, "हा बाण मी घेऊ का?"

"अजिबात नाही!" विचार करायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती फासा तसाच मुठीत धरून नुसती थांबली. लायलने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुला घ्यायचाय?" त्याने विचारलं.

"हो."

"कमी पडलं तर मरशील."

"माहितीये."

"मग घे," तो कसाबसा म्हणाला.

ॲर्डिसने फासा टाकला. लायलने डोळे गच्च मिटून घेतले, पण फासा अडवायला पुढे न करता हात मांडीवरच ठेवले.