मागच्या दाराची काच

जगदेवरावांनी मोटारीच्या मागच्या दाराचं आतलं अस्तर उचकटलं आणि पाहतच राहिले. दाराच्या पोटात नळ्या, तारा, स्प्रिंगा, नुसता कारखाना भरलेला. पेचकस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरला होता. जहागीर गेली, तिच्यामागोमाग ड्रायव्हर गेला, आता सरदारांनीच मिस्त्री व्हायचं, दुसरं काय.

"जमेल ना?" आत बसलेल्या शालिनीताईंनी विचारलं.

उद्या सकाळी भोपाळला निघायचं होतं. मध्यभारत मध्य प्रदेशात विरून गेला, कचेऱ्या तिकडे चालल्या, जगदेवरावांची नोकरीही. शालिनीताईंनी नवऱ्याकडे एकच मागितलं होतं: जाताना फूलबागेवरून न्या, आणि माझ्या बाजूची काच खाली असू द्या. लग्न होऊन आल्यापासून ग्वाल्हेरचे रस्ते त्यांनी बंद काचेतूनच पाहिले होते. सासरे, आबासाहेब, होते तोवर तर पडद्याच्या फटीतून. माधवगंजातलं घर एकदा सुटलं की परत येणं कुठलं.

बाकीच्या तिन्ही काचा बटणाला बोट लागताच सर्रकन खाली जात. हीच तेवढी हट्टी. शालिनीताई दाबून दाबून परेशान व्हायच्या. पुढच्या सीटवरून आबासाहेब मिशीत हसत म्हणायचे, "सूनबाई, अमेरिकेचं यंत्र आहे. नाजूक बोटांना दाद देत नाही." जगदेवरावही हसायचे.

आता त्यांना ते हसू आठवलं आणि कसंसंच झालं. बटणाकडे येणारी तार तुटली नव्हती, कापली होती. दोन्ही टोकं नीट दुमडून वर लाल रेशमी दोरा गुंडाळलेला. जहागिरीच्या कागदांना आबासाहेब स्वतःच्या हातानं बांधायचे तोच दोरा, तीच दुहेरी गाठ.

"सापडलं का काही?"

"हं." त्यांनी दोरा मुठीत घेतला, तार जोडली. तारेला लोंबणारं बटण आत बायकोच्या हाती देऊन दार लावलं. "दाबा."

बारीकशी घरघर झाली आणि काच उतरू लागली. शालिनीताई श्वास धरून बघत होत्या. काच दारात पार बुडाली, आणि देवळातली घंटा, तळणाचा वास, कुणाचं तरी "हट जा भैया", सगळं एकदम आत आलं. काच होती तिथल्या हवेत त्यांनी हात फिरवून पाहिला.

"अगंबाई," त्या पुटपुटल्या. "केवढं मोठं आहे हे."

जगदेवरावांना लाज वाटत होती. त्यांनी मूठ उघडून दोरा पुढे धरला. शालिनीताईंनी तो ओळखला. मग त्यांनी काच वर नेली, पुन्हा खाली आणली. या खेपेला फक्त करंगळीनं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "याला तर जोर लागतच नाही."