प्रगतीची मुलाखत

“डाळिंबाची,” सोपान भोंग म्हणाले. रुपनवर मॅडमना वाटलं, झालं, विषय संपला.

बारामतीच्या त्या कॉलेजात संवाद आणि माध्यम या पदवीच्या मुलाखती चालू होत्या. आधी पालकांना आत घ्यायचं, अभ्यासक्रम समजावून सांगायचा आणि मग त्यांना बाहेर बसवायचं, अशी मॅडमची पद्धत होती. आजही त्यांनी सगळं सांगितलं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पन्नास टक्के हवेत. मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. पहिलं वर्ष भाषेचं आणि लेखनाचं. दुसऱ्या वर्षी रेडिओ, छायाचित्रण, जाहिरात. तिसऱ्या वर्षी एखाद्या वर्तमानपत्रात नाहीतर वाहिनीत जाऊन प्रत्यक्ष काम. निमगाव केतकीहून लेकीला घेऊन आलेला हा माणूस नुसती मान हलवत होता. म्हणून शेवटी, आपलं बरं दिसावं, एवढ्यासाठी मॅडमनी विचारलं होतं, “बाग कशाची आहे तुमची?”

विषय संपला नाही. सोपानरावांनी घसा खाकरला. आवाज बसका होता, शब्द अडखळत येत होते.

“भगवा हाय. भगवा वान.” ते थांबले. “त्याला ताण द्यावा लागतो, मॅडम. पाणी तोडायचं. झाड पार वाळल्यागत दिसतं. नवखा माणूस म्हणंल, गेली बाग. पर तसं नसतं.”

“छान. आता तुम्ही जरा बाहेर बसा. मला प्रगतीशी बोलायचंय.”

“व्हय, व्हय,” ते म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढं ओढून बसले.

मॅडमनी तिकडं दुर्लक्ष केलं. समोरच्या मुलीची लेखी परीक्षा सगळ्यांत चांगली झाली होती. गावच्या आठवडी बाजारावर तिनं लिहिलेलं पान त्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पण मुलाखतीत उमेदवार स्वतः बोलला नाही तर गुण शून्य, आणि शून्याला प्रवेश नाही. हा नियम त्यांनीच करून घेतला होता.

“प्रगती, तुला या पदवीला का यायचंय?”

प्रगतीनं तोंड उघडलं.

“तिला वाचायचा नाद हाय,” सोपानराव म्हणाले. “डाळिंबाच्या पेटीत खाली रद्दी घालत्यात. ही पेटी भरायची सोडून रद्दीच वाचत बसायची. हिची आय म्हणायची, गाडी मुंबईला पोचली तरी हिची बातमी काय संपायची न्हाय.” आणि ते स्वतःच हसले. हसताना त्यांना ठसका लागला.

प्रगतीनं तोंड मिटलं. ती मॅडमकडं बघतच नव्हती. हात मांडीवर घट्ट धरून ती बापाकडं टक लावून बघत होती.

असे बाप मॅडमना नवे नव्हते. मुलगी शेजारच्या खुर्चीत आणि उत्तरं बापाची. कुठल्या शाखेला जायचं हे बाप सांगणार, वसतिगृहात राहणार का हे बाप सांगणार, आणि चार वर्षांनी कुणाशी लग्न करायचं तेही बापच सांगणार. त्यांचं डोकं तापायला लागलं.

“अहो, मुलाखत तुमची नाहीये.”

“न्हाय न्हाय. तुमी इचारा की तिला.”

“गावात अलीकडं असं काय घडलं, प्रगती, ज्याची तू बातमी करशील?”

“बातमीला काय तोटा हाय?” सोपानराव आता रंगात आले होते. “आमचा सोनबा पाव्हणा हाय. त्यानं बोअर घेतली, पाणी लागंना. तर देवऋषी म्हणला, जागा चुकली. पुन्ना घेतली. तितंबी न्हाय. आता देवऋषी म्हणतोय, गावच चुकलं.”

दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“तुम्ही बाहेर जा. आत्ता.”

“तात्यांना बसू द्या, मॅडम,” प्रगती हळूच म्हणाली.

तेवढं एकच वाक्य. आणि तेही बापासाठी. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. पुढचे दोन प्रश्न त्यांनी विचारायचे म्हणून विचारले. दोन्हींची उत्तरं सोपानरावांनी दिली. कॅमेऱ्याच्या प्रश्नावरून ते शेजाऱ्याच्या ड्रोनवर गेले आणि ड्रोनवरून त्याच्या सासुरवाडीवर. शेवटी त्यांचाच घसा कोरडा पडला.

“पाणी कुठं मिळंल?” त्यांनी विचारलं. शिपाई त्यांना घेऊन बाहेर गेला.

दार लागलं. मॅडमनी इतका वेळ आवरून धरलेला राग बाहेर आला.

“हे शिक्षण बोलणाऱ्या माणसांचं आहे, प्रगती. तुझा पेपर वाचला तेव्हाच मी ठरवलं होतं, ही मुलगी आपल्याला हवी. एकदा, फक्त एकदा ‘मला बोलू द्या’ म्हणाली असतीस तरी चाललं असतं. इथं वडिलांपुढं तोंड उघडत नाहीस, उद्या मंत्र्यापुढं माईक काय धरणार? आता मी गुण द्यायचे तरी कशाचे?”

प्रगतीचं लक्ष दाराकडं होतं. बाहेरून सोपानरावांचा आवाज येत होता. ते शिपायाला त्याचं गाव विचारत होते, गाव कळल्यावर तिथल्या कुणातरी पाहुण्याचं नाव घेत होते.

“मॅडम, आई गेली त्याला वर्ष होऊन गेलं,” ती म्हणाली. “तेव्हापासून तात्यांचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.”