मोरीवरचं हळदकुंकू

निरगुडे साहेबांनी बुटाच्या टोकाने गोणपाट बाजूला सारलं आणि दिनेश लगबगीने पुढे आला, पण उशीर झाला होता.

गोणपाटाखाली तळघराची मोरी होती. जाळीभोवती शहाबादी फरशीवर हळदीचा मोठा पिवळा डाग, मधोमध कुंकू. दिनेशने सकाळीच साबण, राख, काथ्या, सगळं लावून फरशी घासली होती. कुंकू जरा फिकं झालं. हळद जागची हलली नव्हती.

साहेब विमा कंपनीचे सर्व्हेयर, नुकसान तपासायला आलेले. गंगेला पूर येऊन नऊ दिवस झाले होते. नाशिककरांच्या तोंडी गोदावरी कधी येतच नाही, गंगाच. पंचवटीतल्या या घराचं तळघर दोन दिवस छातीभर पाण्यात होतं आणि नदीकडची भिंत आत फुगली होती. दिवाळीच्या आत बांधून काढा, नाहीतर घर खाली करा, असं इंजिनीअरने स्वच्छ सांगितलं होतं. भिंत उभी राहणार होती ती विम्याच्याच जिवावर.

आणि विम्यात मेख होती. एजंटाने ती फोनवर समजावली होती. नदीचा पूर घरात शिरला तर भरपाई. गटाराचं पाणी उलटं फिरून मोरीतून वर आलं तर काही नाही. आता दिनेशचं दार पडलं चढावर. नदी गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथूनच माघारी गेली. तळघरात पाणी आलं ते मोरीतून, बुडबुडे काढत. म्हणून या गृहस्थाने आज काठावरचा दोन घमेली गाळ आणला आणि उंबऱ्यापासून तळघराच्या शेवटच्या पायरीपर्यंत हाताने सारवला. आयुष्यात अंगण कधी सारवलं नव्हतं, पण काम झोकात झालं. बायकोने, ज्योत्स्नाने, ते पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"पाणी दारातून आलं म्हणता," साहेब म्हणाले.

"हो साहेब. लोंढाच आला."

साहेबांनी पायरीवर बॅटरीचा झोत टाकला. "लोंढ्याला बोटं होती वाटतं."

गाळात पाचही बोटं छान उमटली होती. दिनेशने आपला हात खिशात घातला.

"आणि ही हळद कसली?"

"ती मी वाहिली," वरच्या पायरीवरून आवाज आला. दिनेशची आई, साळूबाई, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होती.

"आई, तू वर जा."

"का जाऊ? गंगा घरी आली, दोन दिवस राह्यली. माहेरवाशीण परत जाताना ओटी भरत नाय का आपण? ज्या वाटेनं आली, त्याच वाटेनं गेली. तिथंच भरली."

दिनेशने डोळे मिटले. पाच पिढ्यांनी फुलं विकून उभं केलेलं घर आईने दोन वाक्यांत घालवलं होतं.

साहेबांनी पेन उघडलं. त्यांनाही ते जड जात होतं. "आजी, मोरीतून आलं म्हणजे ते गटाराचं पाणी. मला तसंच लिहावं लागेल."

"गटाराचं?" साळूबाईला ते लागलं. घराचं तिच्या डोक्यातही नव्हतं. तिला गंगेचा अपमान सोसवेना. "गटाराची ओटी भरील का कोणी? थांबा जरा."

ती आली तशीच एकेक पायरी चढत गेली आणि देवघरातला तांब्याचा गडू घेऊन आली. तोंड कणकेने लिंपलेलं होतं. "मोरीतून वर येत होती ना, तेव्हाच पहिल्या धारेचं भरून ठेवलंय."

नऊ दिवस दिनेश त्या गडूला रोज नमस्कार करत होता. आत काय आहे, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आता याला घाण येणार आणि आई सगळ्यांसमोर खाली मान घालणार, एवढंच त्याला दिसत होतं. घर गेलं तर गेलं, हे तरी नको, असं त्याला वाटलं.

साहेबांनी गडू हलवून कणीक फोडली. सासूमागोमाग खाली आलेल्या ज्योत्स्नाने काचेचा पेला पुढे केला. पाणी पडलं ते तांबडं, वरच्या डोंगरांतल्या मातीच्या रंगाचं. साहेबांनी पेला नाकाशी नेला. बराच वेळ धरला. मग दिनेशपुढे केला. वासच नव्हता, होता तो ओल्या मातीचा. तळघरात चौघं जण एका पेल्याकडे बघत उभी होती आणि तांबडी माती हळूहळू तळाशी बसत होती.

"नऊ दिवस बंद होतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "गटाराचं असतं तर आपण इथे उभे राहिलो नसतो. या मोरीचा पाइप जातो कुठे?"

"थेट नदीत," दिनेश म्हणाला. "आजोबांनी टाकलेला. गटाराची लाइन पुढच्या बाजूला आहे, वेगळी." बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं आणि त्याने मोरीकडे पाहिलं.

"मग नदीच आली की घरात. दारातून आली का मोरीतून, ते पॉलिसी विचारत नाही." साहेबांनी फॉर्म भरला. "पायऱ्यांचा फोटो मी काढत नाही. हा गडू मात्र पुरावा म्हणून न्यावा लागेल."

साळूबाईने पेल्यातलं पाणी गडूत परत ओतलं, वर कुंकवाचं बोट लावलं.

"न्या. पण बूट घालून नका नेऊ."

साहेब पायरीवर बसले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. गडू दोन्ही हातांत धरून ते अनवाणी वर निघाले. ओल्या गाळावर त्यांची पावलं उमटत गेली, तळघरापासून थेट उंबऱ्यापर्यंत. सकाळपासून दिनेश गंगेला दारातून आणू बघत होता. ती आता दारातून निघाली होती, आणि त्याचे गाळाने माखलेले हात आपोआप जोडले गेले.