चार चिठ्ठ्या

आजींनी मेडिकलच्या काउंटरवर पिशवी पालथी केली. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या आणि अर्ध्यामुर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. सकाळपासून काउंटरमागे उभं राहून शैलजाच्या पायांचे तुकडे पडले होते, डबाही अजून उघडला नव्हता. आजींचा मुलगा बाहेर स्कूटरवर बसून फोनवर बोलत होता.

तिने चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि वैतागून चष्मा काढला. बीपीच्या गोळीने पाय सुजले. सूज उतरवायच्या गोळीने लघवी वाढली. ती आवरायच्या गोळीने पोट साफ होईना, म्हणून चूर्ण. मूळ दुखणं एकच, बाकीची औषधांनी आणलेली. आणि एकाही डॉक्टरने आधीची चिठ्ठी मागून पाहिली नव्हती.

“आजी, पहिल्या डॉक्टरांना दोन ओळी लिहून देते. त्यांनी ही एक गोळी बदलली, की बाकीचे तिघे सुटतील बहुतेक.”

आजी दाराकडे पाहत हळूच म्हणाल्या, “नको गं लिहूस. दर शनिवारी एकेकाकडे न्यायचं असतं, म्हणून तर हा पुण्याहून येतो.”

शैलजाचं पेन थांबलं. एवढ्या चिठ्ठ्या वाचून हे काही तिला कळलं नव्हतं.

तिने त्या दोन ओळी लिहिल्याच. मग मुलाला आत बोलावलं आणि जमेल तितक्या करड्या आवाजात सांगितलं, “गोळी बदलली की बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. दर शनिवारी यांना इथे तपासायला आणायचं. तुम्हीच. दुसऱ्या कुणासोबत पाठवलेलं चालणार नाही.”