सजद्यातून उठताना

नमाजात कपाळ टेकवलेल्या सजद्यातून उठताना गैबीसाबांनी भिंतीचा आधार घेतला आणि डोळे मिटले. गॅसवरचा चहा तसाच टाकून त्यांची बायको गुलबानो धावत आली.

"सावकाश की. डॉक्टर काय बोलले ध्यानात हाय ना?"

"हाय," म्हणत ते तिच्या खांद्यावर हात ठेवून पलंगापर्यंत गेले. चक्कर वगैरे काही आलेली नव्हती.

खरी चक्कर आली होती ती मागच्या महिन्यात. लघवीच्या त्रासासाठी गुरुशांत डॉक्टरांनी त्यांना अल्फा ब्लॉकरची गोळी दिली होती. त्रास कमी झाला तशी गैबीसाबांनी आपल्या मनानंच ती बंद केली, आणि आठवड्याभरानं कुणाला न विचारता पुन्हा तेवढीच घेतली, तीही सकाळी. नमाज पढताना उठले ते आडवेच झाले. घरात ते एकटे. शेजारच्या तन्वीरनं उचललं, पुण्याला फोन केला, आणि गुलबानो निघून आली.

नात माहेनूर झाली तेव्हा ती पुण्याला लेकाकडे, अल्तमशकडे गेली होती. चार महिन्यांसाठी गेली, त्याला चार वर्षं झाली. इकडे गैबीसाबांना घर खायला उठायचं. पण 'परत ये' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. पूर्वी घरातच चादरींचे माग होते. त्या खडखडाटात नवराबायको खुणांनीच बोलायचे. माग विकले, घर शांत झालं, तरी मनातलं तोंडानं बोलायची सवय काही लागली नाही.

गुलबानो आल्यावर डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सुनावलं होतं. "ही गोळी मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते, म्हणून लघवी मोकळी होते. पण रक्तवाहिन्याही सैल पडतात. एकदम उठलात की रक्त पायात राहतं, डोक्याला कमी पडतं. रात्री झोपतानाच घ्यायची. उठताना आधी काठावर बसायचं. खंड पडला तर मला विचारायचं. आता पुन्हा कमी डोसापासून सुरू करू. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरला या गोळीचं आधी सांगायचं."

"चक्कर कधी जाईल?" गुलबानोनं विचारलं.

"गोळी अंगवळणी पडली की जाते बहुतेक. तोवर जवळ कुणीतरी असलेलं बरं."

बाकीचं गैबीसाबांनी नीट पाळलं आणि हे शेवटचं वाक्य घट्ट धरून ठेवलं. गोळी छान मानवली, पण भिंत काही सुटली नाही. गुलबानोचा हात दंडाला लागला की त्यांना भरून यायचं. या हातासाठी माणूस चार वर्षं झुरला होता, आणि आता तो दिवसातून पाच वेळा मिळत होता.

अल्तमशचा फोन रोज यायचा. गुलबानो अंगणात जाऊन बोलायची. "अजून न्हाई रे," एवढंच आत ऐकू यायचं. चक्कर गेली का म्हणून विचारत असेल, आईला परत न्यायची घाई झाली असेल पोराला, असं गैबीसाब मनाशी म्हणायचे आणि संध्याकाळी भिंत जरा जास्तच घट्ट धरायचे.

एका दुपारी फोनच्या पडद्यावर माहेनूर आली. दादी हवी म्हणून तिनं भोकाडच पसरलं. गैबीसाबांना स्वतःची लाज वाटली. म्हातारपणी खोटं बोलून लेकराची दादी पळवून आणली आपण.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजला ते सजद्यातून उठले ते कुठंही हात न लावता. सरळ गुलबानोपुढं जाऊन उभे राहिले.

"गेली बघ चक्कर. आता तू निवांत जा पुण्याला."

तिनं विचारलं, "आन तुमचं?"

"माझं काय अडतंय? सगळं येतंय की मला."

"खरंच काय अडत न्हाई?"

मान हलवून ते म्हणाले, "न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि सामान भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर त्यांनी तिला खिडकीजवळ जागा धरून दिली. "गोळी झोपतानाच घ्या," ती आतून म्हणाली. "उठताना आधी बसा." मग पदरानं तोंड पुसलं आणि दुसरीकडे बघितलं. नातीची आठवण येत असणार, असं त्यांना वाटलं. गाडी फाटकाबाहेर गेली तरी ते तिथंच उभे होते. आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली आणि फोन लावला.

"अल्तमश, अम्मीला गाडीत बसवलंय रे. संध्याकाळी घ्यायला जा."

पलीकडून पोरगा म्हणाला,

"अब्बा, अम्मी तर तिकडं कायमची राहायला गेली होती. माहेनूर बालवाडीत जाते आता, आम्हीच म्हटलं, जा अब्बांजवळ. तिचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही एकदा तोंडानं 'राहा' म्हणावं. मी रोज फोनवर तेवढंच विचारत होतो, म्हणाले का."